खोतकाकांना पाठवलेलं प्रपत्र

आता हे तुम्हाला सांगावं की गिळून टाकावं, याचा मी खूप विचार केला. पण माझ्या अम्मीनं आधीच निम्म्या नागपुराला सांगून ठेवलेलं आहे. तेव्हा निदान उरलेल्या निम्म्यांना तरी अधिकृत आवृत्ती मिळावी, एवढ्याच हेतूनं तोंड उघडते आहे. चहा गार होऊ देऊ नका. आणि हसू आलं तर बशीत हसा, माझ्या तोंडाकडे बघून नको!

मी निलोफर. औषधनिर्माणशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेली. विशेष विषय गुणवत्ता हमी. म्हणजे काय? तर कारखान्यात तयार झालेली गोळी ही खरोखर गोळीच आहे, हे अकरा सह्या घेऊन सिद्ध करण्याचं शास्त्र. आमच्या शास्त्राचा पहिला नियम असा की, जे लेखी नाही ते घडलेलंच नाही. हा नियम प्रयोगशाळेत फार उपयोगी पडतो. प्रयोगशाळेबाहेर तो काय करतो, तेच आता ऐका.

माझ्या अम्मीनं आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता. नागपूरच्या माणसाला समुद्र म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला निळा रंग! अब्बांचं शिलाईचं दुकान, अम्मीचं घर, माझं शिक्षण, यात वर्षं निघून गेली. बरं, फिरायला जायचं म्हटलं तरी अम्मीची एक अडचण होती. बाहेर गेली की ती जेवत नसे. मांस हलाल आहे का, तेल कसलं आहे, त्याच कढईत आधी काय तळलं होतं, अशा शंका तिच्या मनात येत. पण विचारायचा संकोच. मग काय करायची? केळी आणि बिस्किटं! एकदा मोहल्ल्यातल्या बायकांबरोबर चिखलदऱ्याला गेली, तर तीन दिवस केळ्यांवर काढले आणि परतताना बस स्टँडवर चक्कर येऊन पडली. तेव्हापासून तिनं फिरण्याचं नाव टाकलं होतं.

यंदा माझी परीक्षा संपली आणि मी जाहीर केलं, "अम्मी, तुला समुद्र दाखवणार."

अम्मी म्हणाली, "येतो मी. पण एक सांगून ठेवतो बेटा, एकबी दिवस पोटात शंका घेऊन जेवा लागलं, तर पुढच्या गाडीनं वापस. मंग तुझा समुद्र तिथंच राहू दे."

अट स्पष्ट होती. एक शंका, आणि सहल समाप्त.

आता मुसलमान कुटुंबाला सोयीची समुद्रकिनाऱ्यावरची सुट्टी म्हणून इंटरनेटवर शोधलं, तर काय काय दिसतं म्हणता! परदेशातली बेटं, बायकांसाठी वेगळा पोहण्याचा तलाव, खोलीत नमाजाची दिशा दाखवणारा पितळी बाण. सगळं उत्तम. फक्त तिथं जायला पासपोर्ट लागतो, आणि आमच्या घरातलं सगळ्यात दूरचं प्रवासाचं कागदपत्र म्हणजे अब्बांचा, जवळच्याच कुही गावाहून नागपूरला येण्याचा, एसटीचा जुना पास.

मग आपल्याच राज्याचा किनारा शोधला. दापोलीच्या बाजूला एका छोट्या गावात एक घर सापडलं. 'खोत यांचे घरगुती निवास. समुद्र चालत पाच मिनिटे. जेवण घरचे.' संपर्कासाठी नाव, ए. आर. खोत.

खोत! आमच्या नागपुरात आमची आडनावं म्हणजे शेख, खान, अन्सारी, पठाण, कुरेशी. आडनाव कळलं की घर कळलं, असा माझा पक्का समज. त्यामुळे मी मनातल्या मनात ए. आर. यांना अनंत रामचंद्र करून टाकलं आणि पुढच्या कामाला लागले. या गृहीतकाची पडताळणी केली का? नाही. जिच्या शास्त्रात पाणीसुद्धा तपासल्याशिवाय पाणी मानत नाहीत, तिनं एवढी एकच गोष्ट तपासली नाही!

मी विचार असा केला. माणसं दुसऱ्या धर्माची आहेत, त्यांना आपल्या गरजा ठाऊक असण्याचं कारण नाही. तेव्हा त्या नीट, सौम्यपणे, पूर्ण स्पष्टीकरणासह लेखी कळवाव्यात. म्हणून मी एक प्रपत्र तयार केलं. बेचाळीस प्रश्न. भाग अ, अन्न. भाग ब, निवास व स्वच्छतागृह. भाग क, उपासना. भाग ड, समुद्रस्नान. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तराची चौकट, शेजारी शेऱ्याची चौकट, आणि शेवटी परिशिष्ट: 'उपयुक्त शब्द व त्यांचे सोपे अर्थ'. त्यात हलाल म्हणजे काय, नमाजाआधी हात-पाय-तोंड धुतात तो वजू म्हणजे काय, जेवणाआधी बिस्मिल्ला का म्हणतात, पाहुणा आला की अस्सलामु अलैकुम कसं म्हणावं आणि त्याचं उत्तर काय द्यावं, हे सगळं उच्चारासह!

अब्बा दुकानातून येऊन बघतात तर मी तिसऱ्या पानावर.

"काहून एवढं लिहून राहिली वं? फोन लाव अन् इचार, हलाल भेटते का. एका वाक्याचं काम."

"अब्बा, तोंडी उत्तराला पुरावा नसतो."

"मीबी माप घेतल्याबिगर कपडा नाही कापत. पण एका शर्टासाठी गिऱ्हाइकाच्या आज्याचं माप नाही घेत!"

मी लक्ष दिलं नाही. प्रपत्र फोनवरून पाठवलं. दुसऱ्याच दिवशी ते भरून परत आलं, सुवाच्य अक्षरात, एकही चौकट रिकामी न सोडता. आणि उत्तरं काय एकेक!

प्रश्न सात: मांस हलाल पद्धतीचे मिळण्याची व्यवस्था होऊ शकेल काय? उत्तर: 'होय. दुसरे आम्ही आणतच नाही.' मी भारावले. केवळ आमच्यासाठी!

प्रश्न बारा: स्वयंपाकघरात मद्य किंवा डुकराचे मांस कधी ठेवले गेले आहे काय? उत्तर: 'तोबा तोबा. नाही.' मी खुर्चीतून उठले. 'तोबा' हा शब्द माझ्या परिशिष्टात नव्हता! म्हणजे माणूस स्वतःहून अवांतर वाचन करतो आहे!

प्रश्न एकोणतीस: नमाजासाठी स्वच्छ जागा मिळेल काय? उत्तर: 'घरात आहे. मशीदही जवळच आहे.' आणि शेवटी शेऱ्याच्या चौकटीत एकच ओळ: 'या ताई, आपलंच घर आहे.'

सांगा, डोळ्यांत पाणी येणार नाही तर काय होईल? पण त्याच क्षणी मी एक निर्णय घेतला, आणि खरी गडबड तिथं झाली. स्वयंपाक करणारी माणसं आपली नाहीत, हे कळलं तर अम्मी येणारच नाही, असं मला वाटलं. म्हणून मी घरी एवढंच सांगितलं, "सगळी व्यवस्था झालेली आहे. हमी माझी." हमी हा माझा विषयच, त्यामुळे कोणी जास्त खोलात गेलं नाही.

रेल्वेनं पनवेल, तिथून एसटी, मग रिक्षा. दुपारी आम्ही खोतांच्या दारात उतरलो. नारळ-सुपारीच्या वाडीत कौलारू घर, सारवलेलं अंगण. पांढरी दाढी असलेले खोतकाका हसत पुढे आले, अब्बांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले, "अस्सलामु अलैकुम!"

अहो, काय उच्चार! माझ्याहून स्वच्छ! मी पुढे होऊन हळूच म्हटलं, "काका, फार सुंदर जमलं तुम्हाला."

काका जरा गोंधळले. "काय, ताई?"

"सलाम. अगदी अचूक."

"शुक्रिया," काका म्हणाले. शुक्रियासुद्धा! माणसानं किती तयारी करावी?

मागून त्यांच्या पत्नी आल्या, ज्यांना सगळं गाव मामी म्हणतं, डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली. मी मनात टिपलं: पाहुण्यांच्या भावनांचा आदर. दारावर बघते तर सोनेरी चौकटीत अरबी अक्षरांत कुराणातली आयत लावलेली. आता ही तर माझ्या बेचाळीस प्रश्नांत कुठेच नव्हती! आधीच्या कुणा पाहुण्यानं भेट दिली असावी आणि यांनी ती आमच्यासाठी माळ्यावरून काढून पुसून लावली असावी, असं मी अनुमान काढलं. पाहिलंत? एकदा गृहीतक डोक्यात बसलं की पुरावा बिचारा दारावर लटकत राहतो आणि माणूस त्याखालून आत जातो.

आता माझं खरं काम सुरू झालं. अम्मी आणि मामी यांना फार बोलू द्यायचं नाही! कारण अम्मीनं एक प्रश्न विचारला, मामींनी खरं उत्तर दिलं, की पुढची एसटी. पण अम्मी हात-पाय धुऊन थेट स्वयंपाकघरात. मी मागोमाग. मामी चुलीवर नारळाच्या रसातली कोंबडी हलवत होत्या.

अम्मीनं विचारलं, "कोंबडी कोणी कापली वं बाई?"

"अम्मी!" मी ओरडले. "समुद्र!"

"कुठं?"

"बाहेर!"

"तो काय पळून राहिला का? बसू दे त्याले." आणि अम्मी पाटावर बसली. मामी हसल्या. "कोंबडी घरातच झाली गो. आमच्या ह्यांनीच केली."

म्हणजे काकांनी! माझ्या परिशिष्टातल्या चार ओळी वाचून! चार ओळींवर कुणाला काय जमणार? मी तडक अंगणात जाऊन काकांना गाठलं.

"काका, रागावू नका. ते कोंबडीचं... कापताना अल्लाहचं नाव घेतलं होतंत ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग फार शांतपणे म्हणाले, "घेतलं, ताई."

"आणि रक्त पूर्ण वाहू दिलंत?"

"दिलं."

"सुरी?"

"धारदार होती. तुम्ही लिहिलंय तसंच सगळं." आणि हळूच विचारलं, "तुमच्याकडे हे काम फार काटेकोर चालतं वाटतं?"

"आमच्या विषयात तसंच असतं," मी समाधानानं म्हटलं.

संध्याकाळी पानं वाढली. तांदळाची पांढरीशुभ्र, वाफेवरची सांदणं, कोंबडीचं कालवण, तळलेली सुरमई. मामी म्हणाल्या, "बिस्मिल्ला करा." पान चार, परिच्छेद दोन! मी अम्मीकडे बघत होते. अम्मीनं एक सांदण मोडलं, रशात बुडवलं, तोंडात घातलं. डोळे मिटले. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मग माझ्या पानातलं चौथं उचललं. "तुले नाई आवडत ना?" म्हणाली. मला आवडत होतं. पण प्रवासात केळ्याचं साल हातात धरून बसणारी माझी आई दुसऱ्याच्या पानातलं उचलून खाते आहे, हे बघून मी माझं पानच तिच्याकडे सरकवलं.

पुढचे दोन दिवस म्हणजे काकांच्या सौजन्याची पराकाष्ठा होती. अब्बा नमाजाला मशिदीत निघाले की काका टोपी घालून त्यांच्याबरोबर निघत. पाचही वेळा! पाहुण्याला रस्ता चुकू नये म्हणून! आणि बिचारे नमाज संपेपर्यंत बाहेर कुठेतरी थांबत असतील, असं मला वाटे. इकडे अम्मी माजघरात नमाजाला उभी राहिली की मामी दार लोटून आत जात. सोबत म्हणून!

मी अब्बांना एकदा म्हटलं, "काकांना एवढा त्रास देऊ नका हो. तुम्हाला आता रस्ता पाठ झाला असेल."

अब्बा म्हणाले, "त्याईले कायचा त्रास? ते तं माझ्या पुढं चालून राहिले." यावरही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी मनात म्हटलं, बघा, पुढे जाऊन पाहुण्यासाठी जागा धरतात!

एकदा दुपारी मशिदीतली अजान फार गोड लागली. मी काकांजवळ कौतुक केलं, "तुमच्या इथली अजान किती सुरेल आहे!"

काका लाजल्यासारखे झाले. "दोन दिवस घसा बसलाय जरा."

बोलण्याचा विषय बदलून काकांनी स्वतःच्या प्रकृतीचं सांगितलं, असं समजून मी त्यांना मिठाच्या गुळण्यांचं प्रमाण सांगितलं, पिशवीतून घशाच्या गोळ्या काढून दिल्या आणि दिवसाला चारपेक्षा जास्त घेऊ नका, असं लिहूनही दिलं.

आणि जानमाजचं सांगायलाच हवं. माझ्या खोलीत काकांनी नमाजाची चटई अंथरून ठेवली होती. मी फोनमधलं दिशादर्शक उघडलं, तर चटई तब्बल चाळीस अंशांनी चुकलेली! मी ती फिरवून सरळ केली. काका पाणी ठेवायला आले तेव्हा समजावलंही, "काका, वाईट वाटून घेऊ नका. अंदाजानं ठेवलं की थोडी चूक होतेच. तुम्हाला कसं ठाऊक असणार?"

काकांनी चटईकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बरं, ताई," म्हणाले. पण मी समुद्रावरून परत येऊन बघते तर चटई पुन्हा पहिल्या जागी! मी पुन्हा फिरवली. संध्याकाळी पुन्हा पहिल्या जागी. असं आमचं एक मूक युद्ध चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटेचा नमाज झाल्यावर मामी आम्हाला खडकाआडच्या पुळणीवर घेऊन गेल्या. तिथं गावातल्या बायका जातात. दुसरं कोणी नव्हतं. अम्मी आधी काठावर उभी राहिली, चपला हातात धरून. एक लाट पायावरून गेली तशी किंचाळली. दुसरी आली तशी हसली. मग मामींनी तिचा हात धरला आणि दोघी सलवार-कुर्त्यासकट गुडघाभर पाण्यात जाऊन सरळ खाली बसल्या! पन्नाशी ओलांडलेल्या दोन बायका, लाट आली की एकमेकींवर पडत होत्या आणि शाळेतल्या मुलींसारख्या खिदळत होत्या. माझी आई एवढ्या मोठ्यानं हसते, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ओली चिंब होऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बेटा, तू सांगितलं तसंच झालं. एकबी दिवस पोटात शंका नाई आली."

झालं! हे वाक्य माझ्या काळजात रुतलं. हिला शंका आली नाही, कारण मी खरं सांगितलेलं नाही. ज्या माणसांनी आमच्यासाठी एवढं केलं, त्यांचं खरं ऋण मी लपवून ठेवलं आहे. अम्मीचीही फसवणूक आणि त्यांचाही अपमान. अशा वेळी आमच्या शास्त्रात एकच मार्ग असतो. विचलन, म्हणजे ठरल्याहून वेगळं काही, घडलं की ते लेखी नोंदवून जाहीर करायचं.

दुपारभर बसून मी निवेदन लिहिलं. शेवटच्या रात्रीचं जेवण झालं, मामी बडीशेप घेऊन आल्या, आणि मी उभी राहिले. हातात कागद.

"आदरणीय श्री. ए. आर. खोत, आदरणीय मामी, अम्मी आणि अब्बा..."

अब्बा कुजबुजले, "काय झालं? बक्षीस समारंभ आहे का?"

मी वाचत गेले. "अम्मी, प्रथम मी तुझी क्षमा मागते. मी तुझ्यापासून एक सत्य लपवलं. ज्या घरात तू तीन दिवस निःशंकपणे जेवलीस, ते घर आपल्या धर्माचं नाही. तरीही या परधर्मीय कुटुंबानं केवळ माणुसकीपोटी आपला सलाम शिकून घेतला, आपल्या पद्धतीनं अन्न शिजवलं, आपल्या दारावर आयत लावली..."

कागदावरून नजर वर केली. चौघंही माझ्याकडे बघत होती. मामींच्या हातातली बडीशेपेची वाटी तशीच हवेत.

अम्मी म्हणाली, "कोण परधर्मीय वं?"

"खोत... काका."

अब्बांनी डोक्याला हात लावला आणि काकांकडे वळून म्हणाले, "खोतभाई, माफ करा. पोरगी लई शिकलेली आहे."

काका खाकरले. "ताई, ए. आर. म्हणजे अब्दुल रहमान. मशिदीतली अजान मीच देतो. बावीस वर्षं झाली." मग म्हणाले, "त्या गोळ्यांनी बरं वाटलं हां घशाला."

आणि मग मामी फुटल्या! वाटी खाली ठेवली आणि ओढणीचा पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. अम्मी हसली, अब्बा हसले, काका डोळे पुसत होते. मी मात्र हातात निवेदन घेऊन उभी. बसावं की नाही, याची तरतूद निवेदनात नव्हती!

"पण... खोत?" मी कसंबसं म्हटलं.

"इथं तशीच असतात आडनावं," काका म्हणाले. "खोत, परकार, मुकादम, देसाई. आम्हीपण खोत, वरच्या आळीतलेपण खोत. त्यांच्याकडे गणपती बसतो, नारळ आमच्या वाडीतले जातात. ईदचा शिरकुर्मा इकडून तिकडे. कोण कुठला खोत, ते आम्हाला इथं सांगावंच लागत नाही. तुम्हालापण सांगायचं सुचलं नाही."

"पण माझं परिशिष्ट वाचून तुम्हाला काही वाटलं नाही?"

मामींनी कसाबसा श्वास घेतला. "आम्हाला वाटलं, छापील फॉर्म असेल. सगळ्यांना सारखाच पाठवत असाल. आणि गो, लिहिलंय फार सोपं! गावातल्या पोरी माझ्याकडे कुराण शिकायला येतात. तुझी ती शेवटची पानं मी त्यांना वाचून दाखवली. वजूचं तर तू माझ्याहून नीट समजावलंस."

म्हणजे कुराण शिकवणाऱ्या बाईला मी अलिफ, अरबीतलं पहिलं अक्षर, शिकवलं होतं, आणि ती मला शाबासकी देत होती!

सगळे हसत होते, पण अम्मीचं हसू आधी थांबलं. "तू मले सांगितलं काहून नाई?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, पण चेष्टाही नव्हती.

"तू आली नसतीस. आली असतीस तरी जेवली नसतीस."

"कोण म्हणते? अवं, मले शंका येते ती ताटातल्या वस्तूची. वाढणाऱ्याची नाई. हे वरच्या आळीतले खोत असते अन् त्याईनं एवढं जपून केलं असतं, तरी मी जेवली असती. पोटभर जेवली असती. फक्त मले इचारायची लाज वाटत होती आजवर. तू इचारलं. लई इचारलं, पण इचारलं तरी!"

बेचाळीस प्रश्न मी एका अनोळखी माणसाला लिहून विचारले. माझ्या आईला मात्र एकही विचारला नव्हता. आता बसावं असं मला आपोआपच वाटलं, आणि मी बसले. मामींनी माझ्या हातावर बडीशेप ठेवली आणि तो हात तसाच धरून ठेवला.

मग काका अगदी अदबीनं म्हणाले, "ताई, आता विषय निघालाच आहे, तर एक सांगू का? तुमच्या फोनच्या कव्हराला लोहचुंबक आहे. त्यानं होकायंत्र फिरतं. माझा भाऊ मच्छीमार बोटीवर असतो, तो सुकाणूजवळ चमचासुद्धा ठेवू देत नाही."

मी कव्हर काढलं. काटा सरकन फिरला. बरोबर चाळीस अंश.

"मग मी तीन दिवस..."

"बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याकडे तोंड करून," काका म्हणाले. "पाहुण्यांना टोकायचं कसं? म्हणून तुम्ही बाहेर गेलात की चटई गुपचूप फिरवत होतो. पण अल्लाह नियत बघतो, ताई. आणि तुमची नियत फार चांगली आहे."

माझ्याजवळ शब्दांच्या अर्थांची अख्खी सूची होती. त्यात यासाठी काही नव्हतं. मी निवेदनाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर 'जजाकल्लाह', अल्लाह तुम्हाला याचं फळ देवो, एवढं एकच लिहिलं आणि कागद काकांना दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. शेरा काही लिहिला नाही.

आम्ही नागपूरला परतलो. अम्मी समुद्र बघून आली, ही बातमी मोहल्ल्यात फिरली आणि संध्याकाळी आमच्या ओट्यावर बायकांची ही गर्दी! कोणी चहा टाकला, कोणी शेंगदाणे आणले, कोणी लेकरं मांडीवर घेऊन बसल्या. अम्मी मधोमध. मी दाराआड उभी. पन्नास वर्षांत पहिल्यांदा समुद्र पाहिलेल्या माझ्या आईला तो कसा दिसला, हे तिच्याच शब्दांत ऐकायला माझे कान आसुसले होते.

शेजारच्या खालांनी विचारलं, "मंग? कसा आहे वं समुद्र?"

"समुद्र ना?" अम्मी म्हणाली. "मोठा आहे. पाणी खारं आहे." आणि मांडी नीट घालून पुढे सरकली. "ते जाऊ द्या. माझ्या पोरीनं काय केलं, ते आयका!"